आधी वरवंटा

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. आमच्या घरात या प्रसंगाच्या चार आवृत्त्या आधीच फिरतायत, आणि प्रत्येकीत सांगणारा शहाणा निघतो. वैजनाथमामाच्या आवृत्तीत तर मामाला आधीपासूनच शंका आलेली असते. आता मी पाचवी काढायची आणि तिच्यात मूर्ख मीच निघायचा, हा धंदा कुणी सांगितलाय? दोनदा टाईप करून दोनदा पुसलं. पण अभयदादा अमेरिकेला जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर शेडवर ठेवून गेलाय, आणि भट्टी तापेपर्यंत मला काही काम नसतं. तेवढ्या वेळात होईल तेवढं लिहितो. भट्टी तापली की उठतो. मध्येच वाक्य तुटलं तर भट्टी तापली असं समजावं.

तर बारसं.

दादा आणि सलोनीवहिनीच्या लग्नानंतर वहिनीचे आईवडील आमच्या बिबवेवाडीच्या घरात आलेले नव्हते. भांडण असं नव्हतं. वहिनीचे वडील, गोपाळकृष्णकाका, भांडत नाहीत. ते कळवत नाहीत, एवढंच. शनिवार पेठेतला रिटायर्ड गणिताचा मास्तर, त्यात जावई आमच्यातला. काकांनी दोन वर्षं लांबूनच 'बरं चाललंय ना' एवढंच विचारलं, तेही फोनवरून. मुलगी झाल्यावर मात्र त्यांचा निरोप आला: "सलोनीचा पाळणा माळ्यावर आहे. चालणार असेल तर पाठवतो."

चालणार असेल तर! आई तो निरोप आठवडाभर सगळ्यांना ऐकवत होती.  अण्णा, म्हणजे आमचे वडील, निरोपाच्या दुसऱ्याच दिवशी स्वतः टेम्पो घेऊन शनिवारात गेले आणि पाळणा आणला. सागवानी, जड, चारी कोपऱ्यांना पोपट. तीस वर्षांपूर्वीचं पॉलिश. फक्त वर छताला अडकवायचे हूक नव्हते.

इथे मी येतो.

आमची हीट ट्रीटमेंटची शेड आहे. म्हणजे लोक त्यांचे पोलादाचे भाग आणून देतात, आम्ही ते लाल करून तेलात बुडवतो, कडक करतो, मग पुन्हा थोडे तापवून त्यांचा माज उतरवतो. सोप्या शब्दांत धंदा एवढाच. अण्णा तो हाताने शिकले. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी गणिताशी फारकत घेतली आणि बाकीचं आप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांतून शिकलो. मला व्याख्या सगळ्या पाठ. कडकपणा म्हणजे काय, चिवटपणा म्हणजे काय, लवचिकपणा कुठे संपतो आणि कायमचा वाकडेपणा कुठे सुरू होतो. घरात कुणी विचारत नसे. मी सांगत असे. जेवताना पापड मोडला तरी मी त्यावर दोन वाक्यं बोलायचो.

अण्णा मालाच्या चौकशीला कोल्हापूरला गेले होते, तेवढ्यात मी हूक केले. साधं लोखंड घेतलं असतं तर झालं असतं. पण वहिनीच्या माहेरचा पाळणा, त्याला साधं लोखंड? मी ट्रकच्या जुन्या स्प्रिंगपाट्याचं पोलाद घेतलं. पेन्सिलीएवढे बारीक, इंग्रजी एससारखे दोन हूक वळवले, नाजूक दिसावेत म्हणून. मग कडक केले. नंतर माज उतरवायचा असतो तो मी जेमतेमच उतरवला, कारण कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेलच्या मशीनवर आकडा भारी येत होता. अठ्ठावन्न. कानस घासली तर कानस घसरत होती. मी ते मशीन पुसून ठेवलं आणि बराच वेळ त्या काट्याकडे बघत बसलो. लोक सूर्यास्त बघतात तसा.

मग मामा आला. वैजनाथमामा म्हणजे आईचा भाऊ, आणि कुठल्याही कार्यातला स्वयंघोषित सजावटप्रमुख. त्याने हूक हातात घेतले.

"काळे आहेत."

"पोलाद आहे मामा. काळंच असतं."

"शनिवारातले लोक येणार. काळे हूक बघून काय म्हणतील?"

"हूक म्हणतील."

"गप. तुझा तो दोस्त प्लेटिंगमध्ये आहे ना, भैरू? त्याच्याकडून क्रोम मारून आणतो. आरशासारखे झाले पाहिजेत."

आणि झाले. बारशाच्या आदल्या संध्याकाळी मामाने ते आणले, दादाने लगेच स्लॅबच्या कड्यांना अडकवले, पाळणा टांगला. खाली नवी मार्बोनाईटची फरशी, वर चमकणारे हूक. आईने तर लाईट लावून, विझवून, पुन्हा लावून बघितला.

भट्टी तापली.

आलो. बारशाच्या सकाळी मंडईतून मामाने एवढी फुलं आणली होती की मंडईत त्या दिवशी इतरांना मिळाली असतील का शंका आहे. हॉलमध्ये बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या. पांढऱ्या कपड्यातले बौद्धाचार्य वेळेवर आले. वहिनीचे आईवडील वेळेच्या आधी आले, म्हणजे शनिवारातल्या वेळेवर.

काका दारात चपला काढून नीट जोडीने लावत होते. हातात एक कापडी पिशवी, ती त्यांनी कुणाला धरू दिली नाही. आत येऊन त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, मग वर हुकांकडे. जवळ गेले. हुकात त्यांना त्यांचं नाक दिसलं असावं, कारण त्यांनी चष्मा सारखा केला.

"फार झगझगीत आहेत," ते म्हणाले.

"मुद्दाम केलेत!" मामा म्हणाला.

"ते दिसतंच आहे."

आता हे कौतुक की काय, ते आमच्यापैकी कुणाला कळलं नाही. मामाने कौतुक म्हणून घेतलं. काका खुर्चीत बसले आणि पिशवी पायांच्या मागे सरकवली.

तेवढ्यात भैरू आला. भैरू मांजरी गावचा. घरचा ऊस सोडून प्लेटिंगच्या टाक्यांवर कामाला लागलेला. माझा एकमेव मित्र, जो माझ्या व्याख्या शेवटपर्यंत ऐकतो, कारण तो ऐकतच नाही. आज इस्त्रीचा शर्ट. मी त्याला गॅलरीत सरबत दिलं.

"कसं दिसतंय हूक?" तो म्हणाला. "लई घासून मारलंय बघ. ॲसिडात बी जास्तच ठेवलं, डाग ऱ्हायला नगो म्हणून."

"मस्त दिसतायत."

"मी म्हनलं, गरम गरम घरला जातायत. मामा थेट हितंच घेऊन आले न्हवं टाकीवरनं?"

"थेट इथेच."

"हां. मग झालं."

तो सरबत प्यायला. मी नाही. 'थेट इथेच' हे शब्द मी स्वतः उच्चारले होते आणि ते माझ्याच कानात अडकले.

आमच्या शेडच्या बोर्डवर माझ्याच अक्षरात रंगवलेलं आहे: 'प्लेटिंगनंतरचे बेकिंग करून मिळेल'. कडक पोलाद ॲसिडात आणि प्लेटिंगच्या टाकीत गेलं की त्यात हायड्रोजन शिरतो. बाहेरून चकचकीत, आतून कुरकुरीत. लगेच भट्टीत घालून तासन् तास मंद भाजलं की तो निघून जातो. नाही भाजलं तर माल बघायला ठीक, टांगायला ठीक, आणि मग वजन घेऊन उभा असताना, कुणी हात न लावता, कधीतरी तुटतो. दोन तासांनी, दोन दिवसांनी. पुण्यातले निम्मे स्प्रिंगवाले हे काम आमच्याकडून करून घेतात. दर आठवड्याला आम्ही परक्यांचे स्प्रिंग भाजतो. आणि आमचे हूक मामा टाकीवरून थेट हॉलमध्ये घेऊन आला. मामाला वाटलं भैरूने सगळं केलं. भैरूला वाटलं, भट्टीवाल्यांचेच हूक, ते भाजतीलच. दादाला वाटलं हूक म्हणजे हूक. आणि मला काहीच वाटलं नाही. मी माझ्या अठ्ठावन्नच्या नशेत होतो. जितकं कडक, तितका हायड्रोजनचा त्रास जास्त. तेही पाठ होतं मला.

पाळणा काल संध्याकाळपासून टांगलेला होता. थोड्या वेळात त्यात बाळ जाणार होतं.

आता कुणीही म्हणेल, ओरडायचं ना. पण काय ओरडायचं? दोन वर्षांनी माणूस मुलीच्या घरी आलाय, सोबत त्याचा पाळणा, आणि आपण म्हणायचं, या पाळण्यात बाळ ठेवू नका? शिवाय माझा इतिहास. कुकरची शिटी थकली आहे म्हणून मी एकदा दोन दिवस कुकर लावू दिला नव्हता. दादाच्या स्कूटरचा स्टँड तुटेल म्हणून तिला विटांवर उभी केली होती, तर विटाच फुटल्या. घरात माझ्या इशाऱ्यांना मनोरंजनाचा दर्जा होता.

मी कोल्हापूरहून सकाळीच परतलेल्या अण्णांना शोधायला आत गेलो, तर स्वयंपाकघरात वेगळाच सामना रंगला होता. त्याची सुरुवात मी पाहिली नाही, वहिनीने नंतर सांगितली.

वहिनीच्या आई, आनंदीकाकू, यांनी त्यांच्या पर्समधून एक गाठोडं काढलं. पिटुकलं झबलं, टोपडं, आणि त्यांच्या आत वरवंटा. शनिवारातून रिक्षाने आणलेला. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवायचा, म्हणजे बाळ दगडासारखं ठणठणीत होतं, अशी त्यांच्याकडची रीत. 

"आई, इथे नको गं."

"मी काय मागतेय? एक दगड ठेवायचाय. तुझ्या वेळी ठेवला होता. झालीस ना घट्टमुट्ट?"

आई खीर ढवळत होती. वळून न बघता म्हणाली, "विहीणबाई, आमच्याकडे दगडाचं काही नसतं हो. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवशी सगळं सोडलं."

"अहो, हा देव कुठेय? वरवंटा आहे. चटणीचा."

"मग चटणी वाटू."

वहिनी म्हणते, त्या क्षणी तिला दोघींचंही पटत होतं आणि दोघींचाही राग येत होता, आणि बाळाला दूध पाजायची वेळ झाली होती. तेवढ्यात अण्णा दारात आले. झबल्यातला दगड त्यांनी पाहिला.

"विहीणबाई, राग मानू नका," ते सावकाश म्हणाले. "आमच्या बापजाद्यांना लोकांनी दगडापेक्षा खाली ठेवलं. माझ्या नातीच्या आधी पाळण्यात दगड जाणार नाही. माणूस जाईल."

 काकूंनी टोपडं नीट केलं, वरवंट्याचं. आणि नेमका तेव्हाच मी आत शिरलो. मला फक्त एवढंच ऐकू आलं होतं: बाळाच्या आधी पाळण्यात वरवंट्यासारखं काहीतरी जड ठेवायचं. मला ते पुस्तकातल्या, वजन टांगून बघायच्या लोड टेस्टसारखं वाटलं.

"ठेवू या की वरवंटा!" मी म्हणालो. "काय हरकत आहे?"

आईने पळी खिरीत सोडली. मी कपाळाला शेंदूर फासून आलो असतो तरी तिने असं पाहिलं नसतं. अण्णांनी पाहिलं ते वेगळ्या नजरेने. भट्टीतली एखादी बॅच बिघडली की माझा चेहरा कसा होतो, ते त्यांना माहीत आहे. त्यांनी माझा दंड धरून मला मोरीपाशी नेलं.

"कुठला माल बिघडला?"

"हूक."

"भाजले नाहीत?"

"नाहीत."

"किती कडक केलेस?"

"अठ्ठावन्न."

अण्णांनी डोळे मिटले. उघडले. हॉलकडे बघितलं, काका खुर्चीत ताठ बसून बौद्धाचार्यांशी पुण्यातल्या पाणीकपातीबद्दल बोलत होते. अण्णा परत ओट्यापाशी गेले आणि म्हणाले, "ठेवा विहीणबाई तुमचा वरवंटा."

"अहो!" आई.

"राहू दे शालन. त्यांच्या मनासारखं होऊ दे. आणि वर तांदळाचं पोतंही ठेवू."

काकू जिंकल्या होत्या, पण जिंकून गोंधळल्या. "तांदूळ? आमच्यात तांदूळ नसतात हो."

"आमच्यात असतात," अण्णा म्हणाले.

आयुष्यभर कर्मकांडाविरुद्ध बोललेल्या माणसाने त्या दिवशी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एक नवीन कर्मकांड काढलं. व्याह्यांपुढे हुकांची अब्रू जाऊ नये म्हणून. मी त्यांचा मुलगा आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट पटलं.

मी आणि भैरूने पोतं आणलं. पाळण्यात आधी झबल्यातला वरवंटा, त्याच्या उशाशी आंबेमोहरचं पोतं. पाळणा कुरकुरला. हूक चमकत होते.

"ही कुठली पद्धत?" काकांनी विचारलं.

"इकडची," अण्णा म्हणाले.

"म्हणजे बिबवेवाडीची?"

"घराण्याची."

"अस्सं. आणि नाव कुणाचं ठेवायचंय, तांदळाचं? 'आंबेमोहर' ठेवलेलंच आहे."

मामा मोठ्याने हसला. पाहुणे हसले. मीही हसलो, हुकाकडे बघत. मला वाटत होतं आत्ता तुटावा. तुटला नाही. मला वाटायला लागलं की नाहीच तुटणार, आणि मग मला तुटावा असंच वाटायला लागलं, म्हणजे मी खरा ठरेन. माणूस किती हलका असतो बघा. पुतणीच्या पाळण्याखाली उभा राहून मी मार्कांची वाट बघत होतो.

दादाला यातलं काही माहीत नव्हतं. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडतील म्हणत होते, तो त्या वर्षी त्या वायटूकेच्या धामधुमीत दिवसरात्र ऑफिसात असायचा. पुढच्या महिन्यात अमेरिका. त्याला फोटो हवे होते. त्याने कॅमेरा उचलला. "अण्णा, झालं ना घराण्याचं? पोतं काढा. सलोनी, ठेव तिला पाळण्यात. पप्पा, तुम्ही दोरी धरा."

पप्पा म्हणजे काका. दादाने त्यांना पहिल्यांदा पप्पा म्हटलं. काका उठले. खरंच उठले, दोरी हातात घेतली. वहिनी बाळाला घेऊन वाकली.

"ठेवू नकोस!" मी ओरडलो.

बाळ दचकून रडायला लागलं. काकांच्या हातात दोरी तशीच.

"दगड चालतो," ते हळू म्हणाले. "तांदूळ चालतात. आमच्या पाळण्यात आमची नातच तेवढी चालत नाही."

त्यांनी दोरी सोडली आणि पिशवीसाठी वाकले. निघालेच होते.

मग मी सगळं बोललो. हायड्रोजन, ॲसिड, भाजणं, अठ्ठावन्न, सगळं एका दमात आणि उलट्या क्रमाने. कुणाला काही कळलं नाही. मामाला एवढंच कळलं की त्याच्या क्रोमला नावं ठेवली जातायत.

"अरे, माझे हूक आरसा आहेत आरसा! काल संध्याकाळपासून टांगलेत. तुटायचे तर तुटले नसते?"

"तेच तर मामा, ते लगेच तुटत नाहीत."

"मग कधी तुटतात?"

"सांगता येत नाही."

"वा! न तुटलेल्या हुकाला तुटका म्हणायचं आणि कधी तुटेल ते सांगायचं नाही. हे तर ज्योतिष झालं."

दादा म्हणाला, "अन्या, आज नको रे. प्लीज. कुकरची शिटी झाली, स्कूटर झाली. आजचा दिवस सोड."

भैरू कोपऱ्यात पांढरा पडला होता. "न्हाई हो दादा, खरं हाय ते," तो म्हणाला. "स्प्रिंगा भाजत्यात. मला वाटलं ह्यांनी..." पण त्याचा आवाज बाळाच्या रडण्यात गेला.

दोन तट पडले. मामा, दादा आणि आई एकीकडे. हो, आईसुद्धा, कारण व्याही उठले हे तिला सहन होत नव्हतं. दुसरीकडे मी, भैरू आणि अण्णा. आणि आनंदीकाकू! त्या पाळण्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. "मला यातलं काही कळत नाही," त्या काकांना म्हणाल्या, "पण तो पोरगा घाबरलाय. उगाच कोणी एवढं घाबरत नाही. खाली बसा."

काका बसले नाहीत. पण निघालेही नाहीत.

निर्णय वहिनीने दिला. ती पाळण्यापासून चार पावलं लांब, फरशीवर मांडी घालून बसली, बाळ मांडीवर. "हूक कुणाचा, पाळणा कुणाचा, मला नका सांगू. पोतं राहू दे आत. ही इथे राहील. तुम्ही वंदना सुरू करा."

बौद्धाचार्य बिचारे केव्हापासून हात जोडून उभे होते. त्यांनी त्रिसरण सुरू केलं. सगळे मागून म्हणू लागले. काकाही हात जोडून उभे होते. ओठ हलत नव्हते, पण मान खाली होती. पंचशील झालं. मग क्षणभर शांत बसायचं असतं. बाळसुद्धा गप्प झालं.

कट.

एवढाच आवाज. कुणी खडीसाखर दाताखाली फोडावी तसा. पाळण्याचं एक टोक धाडकन खाली आलं, पोतं घसरलं, आणि झबलं-टोपडं घातलेला वरवंटा फरशीवर आपटून घरंगळत काकांच्या पायापाशी जाऊन थांबला. मार्बोनाईटला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा.

 वहिनीने बाळाला एवढं घट्ट धरलं की ते परत रडलं. आईने त्या टोपड्यातल्या दगडाकडे पाहिलं आणि तिथेच खाली बसली.

मी म्हणणार होतो, 'बघा.' खरं सांगतो, तोंडात आला होता शब्द. तो बाहेर पडला नाही याचं श्रेय मला नाही. अण्णा माझ्याआधी पुढे झाले होते.

अण्णांनी हुकाचे दोन तुकडे उचलले, तुटलेल्या बाजू उजेडात धरल्या. कुठे ताणल्याची खूण नाही, वाकल्याची नाही. नुसते बारीक चकाकते कण. त्यांनी तुकडे माझ्या हातात दिले.

"कशासाठी एवढा कडक केलास?"

"मजबूत व्हावा म्हणून."

"व्याख्या पाठ आहे ना तुझी? कडक वेगळं, मजबूत वेगळं म्हणून?"

"पाठ आहे."

"पापडावर भाषण देतोस रोज." मग आवाज खाली आणून म्हणाले, "साधं लोखंड असतं तर आधी वाकलं असतं. उघडलं असतं. कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. जे वाकतच नाही ना, ते सांगतही नाही."

हे ते मलाच म्हणाले. पण समोर काका उभे होते, आणि काकांनी ते ऐकलं. त्यांनी वाकून वरवंटा उचलला, काकूंकडे दिला. मग खुर्चीमागची कापडी पिशवी घेतली.

मला वाटलं, गेले.

त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. उलगडली. आत दोन काळे हूक. गंजाचे डाग, जाडजूड, ओबडधोबड. एक थोडा उघडलेला.

"पाळण्याबरोबरचे आहेत," ते म्हणाले. "आणले होते. पण वर तुमचे ते आरसे बघितले आणि..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाटलं, तुम्ही हसाल."

"आम्ही?" अण्णा म्हणाले. "अहो, तुम्ही हसाल म्हणून तर आम्ही आरसे लावले!"

आनंदीकाकूंना आधी हसू फुटलं. मग आईला, तिचे डोळे ओलेच होते. मामा हसला नाही. तो फरशीचा तडा बोटाने चाचपत होता, जणू घासून जाईल.

अण्णांनी उघडलेला हूक हातात फिरवला. "कुणामुळे उघडला हा?"

"सलोनीमुळे," काकू म्हणाल्या. "पाच वर्षांची होईपर्यंत उतरायलाच तयार नव्हती."

"आई!"

"बघ," अण्णा मला म्हणाले. "ह्याने सांगितलंय. तुटायच्या आधी."

मग ते आणि काका दोघेच शेडवर गेले. मी निघालो तर अण्णांनी हातानेच थांबवलं. तिकडे काय बोलले ते मला माहीत नाही. काका नंतर एवढंच म्हणाले, की तुझ्या वडिलांनी हूक थंडाच शिकंज्यात धरून दाबला आणि तो मुकाट्याने मिटला. त्यांना वाटलं होतं, तापवायला लागेल. त्यांना त्याचं फार नवल वाटलेलं दिसलं. परत आले तेव्हा काकांच्या पांढऱ्या सदऱ्याला तेलाचा डाग होता आणि ते तो पुसत नव्हते. दादाने दुसराही चकचकीत हूक काढला, काळे लावले. अण्णांनी स्वतः पाळण्याच्या काठाला लोंबकळून बघितलं. आईने डोळ्यावर पदर घेतला. हूक टिकले.

मग बाळ पाळण्यात गेलं. दोरी काकांच्या हातात. नाव ठेवलं, मैत्री. दादाने आधीच ठरवलेलं होतं, उगाच त्यातून अर्थ काढू नये. मी काढायला लागलो होतो, तर वहिनी म्हणाली, "अनिरुद्ध, खीर खा."

जेवणं झाली. दादाने मला एका बाजूला घेऊन 'सॉरी' म्हटलं. मी मोठ्या मनाने माफ करणार, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "पण कुकरबद्दल तू चूकच होतास." होतोच. मामा निघताना म्हणाला, मला त्या हुकाच्या रंगावरूनच शंका आली होती. तिथून त्याची आवृत्ती सुरू झाली.

भैरू जेवला नव्हता. गेटपाशी सायकलला टेकून उभा होता. मी खिरीची वाटी नेऊन दिली. त्याने ती सीटवर ठेवली.

"माझ्या हातानं झालं रं," तो म्हणाला. "ॲसिडात जास्त मीच ठेवलं. चमकायला पायजे म्हणून."

"कडक मी केला. न भाजता मामाने आणला. तू कशाला पुढे येतोस?"

"लेकरू असतं आत तर?"

याला माझ्याकडे व्याख्या नव्हती.  मग तो म्हणाला, त्याची बायको सातव्या महिन्यात आहे, आणि त्यांच्याकडे पाळणा टांगायला घरात नुसती लाकडी तुळई आहे. मी त्याला विचारलं, हूक आहेत का. तो म्हणाला, न्हाईत, आनि आता कुनाकडं मागायचं भ्या वाटतंय.

मी म्हटलं, "मी करीन. साध्या लोखंडाचे, अंगठ्याएवढे जाड, काळेकुट्ट. भट्टीला दाखवणारसुद्धा नाही, आणि तू टाकीला दाखवायचे नाहीत."

"आनि टिकत्यात का न्हाई, कसं कळायचं? तांदळाचं पोतं आनू?"

"पोतं नको," मी म्हणालो. "मांजरीला येतो. तुझ्या लेकराच्या आधी त्या पाळण्यात मी बसतो. तू झोका दे, बायकोला बघायला बोलाव, गावाला बोलाव. हूक जरा जरी उघडला तरी मी आतून ओरडीन, आणि त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी माझं ऐकायचं. शब्द देतो."

भैरूने मला वरून खालपर्यंत पाहिलं, माझ्या वजनाचा अंदाज घेत. मग वाटी उचलली आणि खीर खायला लागला.